अखाजी झाली की निघा

ह्यूस्टन

ती. आप्पा व ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आप्पा, जहाजातून बेटांच्या सहलीचं दिवाळीत उरकू म्हणालात, ते जमायचं नाही. इकडच्या कॅरिबियन समुद्रात वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. सप्टेंबरात जोर जास्त, पण ऑक्टोबरचाही भरवसा नाही. वादळ आलं की कप्तान रस्ता बदलतो, आणि ज्या बेटासाठी पैसे मोजले तेच राहून जातं. शिवाय दिवाळीत कापूस वेचायला आलेला असतो. तो टाकून तुम्ही थोडेच निघणार!

डिसेंबर ते एप्रिल बेटांवर हवा कोरडी, छान. म्हणूनच नाताळात भाडी आभाळाला भिडतात, मार्चमध्ये इथल्या कॉलेजांना सुट्टी लागली की पुन्हा तेच. जानेवारी त्या मानाने स्वस्त. पण आमचं जवळचं बंदर गॅल्व्हस्टन, आणि थंडीत तिथे कधी कधी असं धुकं उतरतं की जहाजं बाहेरच ताटकळतात. मायामीहून चढायचं तर आणखी एक विमान. आई ऐकूनच हात जोडेल.

राहिला मे. यंदा अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलातच आहे. घागर भरा, ताईचं माहेरपण होऊ द्या, मग निघा. मेमध्ये बेटांवर तिशीच्या आसपास ऊन आणि अधूनमधून एखादी सर. आपल्याकडे तेव्हा पंचेचाळीस! जूनच्या तोंडाशी कापूस लावायला तुम्ही परत शेतात. चिनूची शाळा थोडी बुडेल, बुडू दे.

कंपन्यांचं म्हणाल, तर कार्निव्हल स्वस्त, पण डेकवर दिवसभर दणदणाट. मला रॉयल कॅरिबियन बरी वाटते, आगाऊ कळवलं की भारतीय शाकाहारी जेवण देतात. खरं तर मी कंपनीच्या आधी बंदरं बघितली. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटीत उतरायचं. डुलत्या बोटीत पाऊल टाकायचं म्हणजे आईच्या गुडघ्यांचं काही खरं नाही. ते बेट मी काट मारून टाकलं. मेक्सिकोतल्या कोझुमेलला आणि होंडुरासच्या रोआतानला जहाज थेट धक्क्याला लागतं. रोआतानच्या किनाऱ्यालगतची प्रवाळाची रांग ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल जगात मोठी. काचेच्या तळाच्या बोटीत बसून ती बघता येते, साडी भिजायची भीती नाही. तेव्हा आई, तुझं "माले काय करनं शे समुद्रनं" हे आता पुरे.

खोली मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घेते, तिथे हेलकावे कमी. तुमच्या जावयांना बाल्कनी हवी आहे. बघू. बक्षिसी रोज माणशी वीसेक डॉलर, ती बिलातच लागते. आप्पा, त्यावरून तिथे हुज्जत नको.

आई, अगरबत्ती, निरांजन आणि चहाची कॉइल जहाजावर चालत नाही, आगीचा धोका म्हणून काढून घेतात. घरचा डबाही नाही, बंद पाकिटातलं फरसाण चालेल. भरीत माझ्याकडेच कर. वांगी इथली जांभळी मिळतील आणि कपाशीच्या काड्यांऐवजी गॅसवर भाजावी लागतील, एवढं चालवून घे.

एक काम लगेच करा. जहाज मेक्सिकोला जाऊन परत येणार, म्हणजे अमेरिकेत दुसऱ्यांदा शिरणं आलं. व्हिसावर 'एन्ट्रीज'खाली 'एम', म्हणजे अनेकदा प्रवेश, असं छापलंय का ते बघा आणि दोघांच्या पानांचे फोटो भाऊकडून पाठवा. ते आले की बुकिंग करते.

तुमची,
सुनंदा