मोडीच्या बाईंना, ‘कोम’ चुकवलेल्या विद्यार्थ्याकडून

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. शेवटच्या शनिवारी आम्ही शाल-नारळ आणला, तर “शाल परत न्या, नारळ फोडा आणि खोबरं वाटा” म्हणून मोकळ्या झालात. तुमचं नाव इथे लिहीत नाही. वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या खडखडणाऱ्या पंख्याखाली ज्यांनी दहा शनिवार काढलेत, त्यांना बरोबर कळेल.

जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकायच्या त्या वर्गात मी आलो तो खरं सांगायचं तर मिरवायला. एसटीत कंडक्टर म्हणून बत्तीस वर्षं काढली, निवृत्त झालो, आणि डोक्यात एकच किडा: आपलं घराणं सरदारांचं होतं हे कागदावर सिद्ध करायचं. पुरावा घरातच होता. देव्हाऱ्यात, टाकांच्या मागे, लाल फडक्यात गुंडाळलेली सनद. दर दसऱ्याला तिला हळद-कुंकू लागायचं. वाचता कुणालाच येत नव्हती.

पहिल्या दिवशी तुम्ही फळ्यावर नुसती एक लांब रेघ ओढलीत आणि म्हणालात, “मोडीत आधी रेघ, मग अक्षरं. रेघेला टांगायची.” शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, लेखणी उचलायची नाही. मला वाटलं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. ‘अमुक बिन तमुक’ मी ‘तमुकाशिवाय अमुक’ असं वाचलं तेव्हा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “बिन म्हणजे मुलगा. पण हिंदी गाणी ऐकणारा माणूस दुसरं काय वाचणार?”

आणि गृहपाठ काय दिलात? मोडीचा नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी तासभर बोलायचं. नावं विचारायची नाहीत, सनावळ्या तर नाहीतच. कोण कुणाच्या बाळंतपणाला गेलं, लग्नात करवली कोण होती, घरात कुठले सण कुणाच्या नावानं होतात, असलं विचारायचं. माझी थोरली चुलती शहाऐंशीची. नवऱ्याचं नाव अजून तोंडानं घेत नाही. वहीत लिहायचंय म्हटल्यावर उखाण्यात घेतलं. ती बोलता बोलता म्हणाली, भाद्रपदात पितरांच्या पंधरवड्यात आपण अहेव नवमी करतो. कुणाची? “सासूबाई करायच्या म्हणून मी करते.”

मी ते लिहून घेतलं आणि विसरलो. तुम्ही मात्र वही तपासताना त्याच ओळीभोवती लाल गोल काढलात. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईची नवमी असते. आमची पणजी पणजोबांच्या मागे वीस वर्षं जगली. मग हे पान कुणाचं वाढलं जातंय? तुम्ही एवढंच विचारलंत, उत्तर सांगितलं नाहीत. तेव्हा मला ते फार टोचलं नाही, कारण माझं सगळं लक्ष सनदेत होतं.

पाचव्या शनिवारी ती आणली. तुम्ही हात धुऊन, पुसून, कागद टेबलावर पसरलात आणि पहिली दोन मिनिटं काही बोललाच नाहीत. मग मलाच म्हणालात, तारीख वाचा. ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ.’ घरात आम्ही याला बादशहाचा मंत्र समजत होतो. तुम्ही तो फळ्यावर बेरजेसारखा मांडलात: दोन, दहा, दोनशे, हजार. शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरात चालणारी अरबी आकड्यांची कालगणना, १२१२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला बदलतं, पेरणीबरोबर. म्हणजे इसवी सन १८११-१२. दुसऱ्या बाजीरावाचा काळ. माझी छाती फुगली. आणि पुढची ओळ वाचली तर ते कर्जखत निघालं. माझ्या पूर्वजानं सावकाराकडून पैसे घेतल्याचं, खाली सहीच्या जागी ‘निशाणी नांगर’. तलवार नाही, कट्यार नाही, नांगर.

बाई, त्या दिवशी मी जिना उतरून निघालोच होतो. दोनशे वर्षं आम्ही उधारीच्या कागदाला कुंकू लावत होतो! तुम्ही जिन्यावरून हाक मारलीत आणि परत बसवून कागदाचा वरचा कोपरा दाखवलात. तिथे तो फाटलेला आहे. आम्ही म्हणायचो उंदरानं कुरतडला. तुम्ही म्हणालात, “उंदीर इतका सरळ फाडत नाही. तुम्ही तिकिटाला चिमट्यानं भोक पाडत होता ना, पैसे पोचल्याची खूण? हे तसंच. कर्ज फिटलं की खत फाडून परत द्यायचे. फिटलं नसतं तर हा कागद सावकाराच्या दप्तरात सापडला असता, तुमच्या देव्हाऱ्यात नाही.”

त्यानंतर घरी जाऊन मी तो कागद परत टाकांमागेच ठेवला. धाकटा भाऊ अजून रुसलेला आहे. त्याला सरदार हवे होते.

तुमच्या इतर शिकवणुकीचं सगळंच इथे लिहीत बसत नाही. स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं, मधली पायरी गाळायची नाही. प्रत्येक नावापुढे ते कुठल्या कागदात सापडलं ते लिहायचं. जुन्या कागदात आडनाव शोधत बसायचं नाही, गाव आणि वतन शोधायचं. फेरफार बघताना जमिनीपेक्षा वारसांची यादी वाचायची. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या माणसानं नोंद करताना सोबत कोण कोण आणलं होतं तेही उतरवून घ्यायचं. आणि एका कार्यालयात मला “ते सगळं पावसात भिजलं” असं सांगितलं तेव्हा तुमचा मंत्र कामी आला: नकार लेखी मागा. लेखी मागितलं, दोन दिवसांत कपाटाची किल्ली सापडली. रजिस्टर कोरडं ठणठणीत होतं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. २०२३ च्या अखेरीला मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. वर्गात पंधराचे साठ झालो. कुणाला नोंद हवी होती, कुणाला ती नकोच होती, वातावरण तापलेलं. तुम्ही दारावर पाटी लावलीत: ‘इथे कुणी कुणाला जात विचारू नये. कागदात आहे ते वाचू, हवं ते वाचणार नाही.’ दोघं-तिघं उठून गेले. तुमच्याबद्दल बाहेर काय काय बोललं गेलं ते मी ऐकलंय, तुम्हीही ऐकलं असणार. पुढच्या शनिवारी तुम्ही नेहमीसारख्या पाच मिनिटं आधी येऊन फळा पुसत होता.

आता त्या रजिस्टराचं. ते आमच्या गावचं कोतवाल बुक होतं, जन्म-मृत्यूच्या नोंदींचं, १९१८ सालचं. मी पणजोबांच्या नावासाठी पानं उलटत होतो. सप्टेंबरपर्यंत गावात महिन्याला दोन-तीन मरणं. ऑक्टोबरात पान पुरत नाही. मरणाचं कारण या रकान्यात एकच शब्द खालपर्यंत उतरलेला: ताप, ताप, ताप. तो इन्फ्लुएन्झा होता, हे तुम्ही नंतर सांगितलंत. देशभरात त्या साथीत एक कोटीहून जास्त माणसं गेली. मला तेव्हा फक्त कोतवालाचं अक्षर दिसत होतं. महिन्याच्या सुरुवातीला सुबक, शेवटी शेवटी रेघेवरून घसरलेलं.

त्यातल्या एका नोंदीत पणजोबांचं नाव होतं, पण मधेच. आधी एक दुसरंच नाव, मग ‘कोम’, मग पणजोबांचं नाव. मी ‘कोम’ला ‘कौम’ समजलो. म्हणजे जात. वहीत लिहिलं, ‘नोंद घोटाळ्याची, जातीच्या जागी पणजोबांचं नाव, उपयोगाची नाही’, आणि पान उलटलं.

तुम्ही मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिलात. किती तरी वेळ. “कोम म्हणजे बायको,” तुम्ही म्हणालात. “वय बावीस. ही कोण?”

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. हॉलमध्ये टांगलेल्या वंशावळीत नऊ पिढ्या आहेत आणि एकही बाई नाही. पणजोबांच्या चौकटीत पणजीसुद्धा नाही, मग तिच्याआधीची कुठून असणार? त्या नोंदीच्या खाली चार ओळी सोडून एक मुलगी होती, वय सात महिने, बापाचं नाव तेच. तारीख तीन दिवसांनंतरची. तुम्ही चष्मा काढलात आणि माझी पहिली वही मागितलीत, लाल गोलाची. नवमी. म्हणजे आमच्या पणजीनं, दुसरेपणावर आलेल्या बाईनं, सवतीचं पान वाढायला सुरुवात केली असणार. तिनं सुनेला सांगितलं, तिनं चुलतीला. नाव वाटेत गळून गेलं, पान मात्र चुकलं नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आधी चुलतीला सांगायचं होतं. परवा सांगितलं. तिनं दोनदा म्हणायला लावलं, मग म्हणाली, “तरीच. सासूबाई त्या पानावर गुळाची पोळी घालायच्या. घरात कुणालाच आवडत नाही.”

बाई, तुम्ही दहा शनिवारांची फी घेतलीत ती फोटोकॉपीला पुरली नसेल. त्यानंतरचे माझे फोन, रात्री साडेदहाला पाठवलेले पुसट फोटो, ‘हा ध की घ’ असले प्रश्न, यांचा हिशेबच नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात तुम्ही गुडघा दुखत असताना माझ्याबरोबर दोन मजले चढलात. मनापासून आभारी आहे. शाल मी ठेवून घेतली आहे, कधी तरी गाफील गाठेन.

तुमच्या वंशावळीच्या तक्त्यात प्रत्येक बाईपुढे दोन ओळी असतात, सासरची आणि माहेरची. तिची सासरची भरली. माहेरची तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोकळी ठेवलीय, पेन्सिलनं सुद्धा अंदाज लिहिलेला नाही. त्या काळी सोयरीक बैलगाडीच्या टप्प्यातली, म्हणून आसपासच्या पाच गावांची यादी केलीय. लग्नानंतर नाव बदललं असणार हे धरून जन्माच्या नोंदीत १८९६ च्या आगेमागे काय मिळतं ते बघतोय. पहिल्या गावाचं रजिस्टर बुधवारी बघायला मिळेल. तिथल्या एका पानाचा फोटो आधीच मिळालाय, सोबत पाठवतो. तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द मला ‘मुलगी’ वाटतो, पण रेघ मधेच तुटलीय. सवडीनं बघा.

आपला विद्यार्थी,
मागच्या बाकावरचा कंडक्टर