पोलिसांना बोलावून सांगू तरी काय?

टोरांटो

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

तिकिटं निघाल्याचं कळल्यापासून ओवीच्या अंगात आलंय. पण बाबा, परवा फोनवर तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. "घरात गांजाचा वास येतो आणि तू पोलिसांत जात नाहीस?" फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा. मधलं गाळू नका.

पोलिसांना बोलावून सांगू तरी काय? १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात गांजा कायदेशीर आहे. आमच्या ऑन्टारियो प्रांतात वयाची १९ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला बाहेर ३० ग्रॅमपर्यंत जवळ बाळगता येतो, घरी चार रोपंही लावता येतात. आणि जिथे सिगारेट चालते तिथे साधारण हाही चालतो, म्हणजे फुटपाथवर, बागेत. शेजारच्या क्युबेक प्रांतात सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे. आमच्याकडे शाळा आणि मुलांची खेळायची जागा यांपासून २० मीटर लांब राहायचं, अशी अट आहे. वारा काही टेप लावून वाहत नाही, हा भाग वेगळा.

मागच्या खेपेला ट्रिनिटी बेलवूड्स बागेत तुम्ही बाकावरून ताडकन उठलात ते आठवतंय? "हा तपोवनातला वास आहे!" म्हणालात. अगदी बरोबर ओळखलंत. २०१५ च्या कुंभात साधुग्राममधून आपण फिरलो, तेव्हा चिलमींच्या धुरात तुम्ही हात जोडून पुढे जात होतात. इथे मात्र नाक मुरडलंत! चिडवतेय, रागावू नका. तिथे आपण तासाभराने घरी आलो होतो आणि इथे वासच घरी येतो, एवढा फरक मलाही कळतो.

तुमच्या विषयातली, रसायनशास्त्रातली एक गोष्ट सांगते. गांजाचा तो उग्र भपकारा गंधकाच्या संयुगांमुळे येतो, असं २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. त्यातलं मुख्य संयुग एक थायॉल आहे. एवढं सांगितलं की पुढचा तास तुम्ही आईवर घ्यालच. इथे स्कंक नावाचा काळा-पांढरा प्राणी रात्री हिंडतो. तो जो फवारा मारतो त्यातही थायॉलच असतात, त्यामुळे कधीकधी बिचाऱ्या शेजाऱ्याच्या नावाने आपण स्कंकलाच शिव्या घालत असतो.

कायदा उलटा फिरवावा असं मला वाटत नाही, हे मात्र स्पष्ट सांगते. पूर्वी खिशात पुडी सापडली की पोरांच्या नावावर गुन्हा लागायचा आणि पुढे नोकरीपासून अमेरिकेच्या सीमेपर्यंत तो आडवा यायचा. आता दुकानात सीलबंद, लेबल लावलेला माल मिळतो. आमच्या कोपऱ्यावर असं दुकान आहे. आतला माल लहान मुलांना दिसू नये म्हणून काचा धुरकट केल्यात, आणि आत इतकं टापटीप की चष्म्याचं दुकान वाटावं. विकणाऱ्याची आणि विकत घेणाऱ्याची सोय कायद्याने नीट लावून दिली. वरच्या मजल्यावर जिच्या स्वयंपाकघरात धूर चढतो, तिला सांगितलं, तू आणि तुझा शेजारी बघून घ्या. माझी तक्रार ही आहे.

आमची इमारत म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारखीच, कमिटी-बिमिटी सगळं आहे. कायदा यायच्या आधी इथल्या बऱ्याच इमारतींनी घरातही धूम्रपान नको असा नियम घाईघाईने करून घेतला. आमच्यांनीही केला, पण आधीपासून राहणाऱ्यांपैकी ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना सूट दिली. आमच्या बरोबर खालचे गृहस्थ त्या यादीत आहेत. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा बोलले मी. माणूस भला आहे. झोप लागत नाही म्हणून ओढतो म्हणाला, खिडकी उघडून ओढेन असंही म्हणाला. उणे पंधरात किती दिवस उघडणार?

थंडीत सगळी इमारत बंद असते, आतली गरम हवा वर चढते आणि वाट मिळेल तिथून खालच्या घराचा वास घेऊन येते. वाट कुठली, हे शोधायला मी एका संध्याकाळी उदबत्ती घेऊन घरभर फिरले. सिंकखालच्या कपाटात धूर एकदम आडवा झाला. मागे वाकून बघते तर पाइपाभोवती भिंतीला हात जाईल एवढं भोक! प्लंबरने पाइप टाकला आणि वर झाकणी लावून मोकळा झाला. आई, तुझ्या बेसनाचा डबा बरोबर त्याच्यासमोर होता. तिथे फोम भरला, दाराखाली रबराची पट्टी लावली. अर्ध्याहून जास्त वास गेला. बाथरूममधून अजून येतो.

मॅनेजरकडे लेखी तक्रार केली आहे. तो बघायला आला सकाळी अकराला, तेव्हा अर्थातच काही नव्हतं. वही ठेवा म्हणाला, तारीख, वेळ, कुठल्या खोलीत, किती वेळ. ठेवतेय. याच्यापुढची पायरीही आहे. इमारतींमधल्या भांडणांसाठी इथे एक न्यायाधिकरण आहे, सगळं ऑनलाइन चालतं, आणि १ जानेवारी २०२२ पासून धूर आणि वास यांच्या तक्रारीही ते ऐकतं. नावनोंदणीची सूट असली तरी दुसऱ्याच्या घरात त्रास होऊ द्यायचा परवाना मिळत नाही, असं मला मांडता येईल.

मग जात का नाही? आई, तुझ्यामुळे! तो नियम गांजापुरता नाहीये, कुठलाही अवाजवी वास त्यात बसतो. मागच्या वेळी तू ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या भाजल्यास आणि असा काही खाट उठला की समोरच्या बाई खोकत दारात आल्या. काही बोलल्या नाहीत, तुझ्याकडे बघून हसल्या. उद्या मी वासावरून केस लावली की खालचा माणूस पहिलं काय लिहील? ठेच्याची दहा मिनिटं आणि त्याचे रोजचे दोन-तीन तास यांची बरोबरी होत नाही, ठेच्याने कुणाला गुंगीही येत नाही. तरी भांडण कागदावर गेलं की पुन्हा लिफ्टमध्ये भेटायचंच असतं. म्हणून आधी बाथरूमचा पंखा बदलून घ्यायचा खर्च कमिटीने करावा, म्हणून मागे लागलेय. तेवढ्याने भागलं नाही आणि ओवीच्या खोलीत वास जायला लागला, तर मात्र मी थांबणार नाही.

ओवीला आम्ही खरं काय ते सांगितलंय. तुम्हीही "गटार तुंबलंय" वगैरे सांगू नका, ती लगेच पकडते.

आता महत्त्वाचं. बाबा, तुमच्या मित्राने झोपेसाठी दिलेलं ते भांगेचं चूर्ण तिथेच ठेवून या. इथे दुकानात मिळतं म्हणून देशात आणता येतं असं नाही. सीमेवरून आणायलाही बंदी आणि न्यायलाही. परत जातानाही कुणाची पुडी, गोळ्या, चॉकलेट काही बरोबर घेऊ नका, अगदी आपल्या मराठी मंडळातल्या कुणी दिलं तरी. बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत.

आई, ठेचा तिथूनच करून आण. भरपूर आण.

तुमची,
सायली