ओट्याचा दगड निवडताना रंग शेवटी बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की बडोद्यात घरदुरुस्तीची कामे निघतात. दांडिया बाजार-रावपुऱ्यातले जुने घर असो की गोत्री, वाघोडिया रोडकडचा फ्लॅट, पहिला हातोडा बहुधा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पडतो. जुना कडप्पा निघतो आणि त्या जागी काय बसवायचे हे दुकानातल्या चकचकीत लाद्यांचा रंग बघून दहा मिनिटांत ठरते. ओटा मात्र पुढची वीस वर्षे वापरायचा असतो. म्हणून घरदुरुस्तीच्या कामातले आम्ही काही जण हे लिहीत आहोत.

आपल्या ओट्यावर रोज आंबट सांडते, हळद-तेल सांडते आणि शेगडीवरून उतरवलेली कढई जागा मिळेल तिथे टेकते. संगमरवर, मग तो मकराण्याचा असो की अंबाजीचा, चुनखडीच्या कुळातला. लिंबू, चिंचेचा कोळ, ताक यांनी त्याचे पॉलिश जाते आणि निस्तेज चट्टा उरतो. कितीही घासला तरी तो निघत नाही, कारण वर काही लागलेलेच नसते. दगडच तेवढा खाल्लेला असतो. कडप्पा आणि कोटा याच कुळातले. कडप्पा काही वर्षांत काळ्याचा राखाडी होतो तो यामुळे. खालचे कप्पे आणि उभे आधार यांना मात्र कडप्प्यासारखा स्वस्त, भक्कम दगड नाही.

सध्या सगळ्यांच्या तोंडी क्वार्ट्झ आहे. हा खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. त्यात वजनाने नव्वद टक्क्यांच्या वर दळलेली गारगोटी असते आणि उरलेले राळेसारखे प्लॅस्टिक, म्हणजे रेझिन. गारगोटीला आच लागत नाही, रेझिनला लागते. साधारण १५० अंशांच्या पुढे ते पिवळे पडते, कधी लादीला तडा जातो. पुऱ्या तळलेल्या कढईतले तेल १८० अंशांच्या आसपास असते, हे लक्षात घ्या. शिवाय खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पांढरा क्वार्ट्झ हळूहळू पिवळसर होतो. हळदीचा डाग तो शोषत नाही, हा त्याचा खरा गुण. तो हवाच असेल तर सिंकच्या बाजूला लावा आणि शेगडीभोवती ग्रॅनाइट ठेवा. मोरबीच्या मोठ्या सिरॅमिक लाद्या आच सोसतात, पण कड उडाली तर वरची छपाई कुठवर आहे ते उघडे पडते.

आमचा कौल ग्रॅनाइटलाच आहे, आणि तोही गडद. पण ‘ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारे सगळे सारखे नसते. दुकानातून त्याच लादीचा वीतभर तुकडा मागून आणा. रात्री त्यावर अर्धे लिंबू उपडे ठेवा, शेजारी हळद कालवलेले तेल आणि चमचाभर पाणी. पाण्याखालचा दगड दहा-पंधरा मिनिटांत काळपट झाला, तर तो पाणी पितो. त्याला सीलर, म्हणजे दगडाची छिद्रे बुजवणारा द्रव, लावावा लागेल आणि वर्ष-दोन वर्षांनी परत लावावा लागेल. सकाळी लिंबाखाली निस्तेज गोल दिसला तर त्या दगडात चुना आहे. काळ्या लादीवर ॲसिटोनमध्ये बुडवलेले पांढरे फडके घासा. फडके काळे झाले, तर रंग वरून चोपडलेला आहे. हा तुकडा द्यायला जो दुकानदार नाही म्हणतो, त्याच्याकडून लादी घेऊ नका.

आता दगडाखालचे. इकडे ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात त्याची बहुतेक दुखणी खालूनच येतात. १८ मिमी जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो. १० फूट लांब, २ फूट रुंद ओटा म्हणजे ९० किलो. खाली सिमेंटचा मसाला सगळीकडे सारखा बसला नाही तर मधे पोकळी राहते, आणि त्याच जागी कोणी खलबत्त्यात लसूण कुटली की तडा. कडिया (गवंडी) निघण्याआधी रुपयाच्या नाण्याने सगळा ओटा वाजवून बघा. पोकळ आवाज आला की तेवढा भाग त्याच दिवशी उचलायला लावा. फिक्या रंगाच्या लादीखाली करडे सिमेंट नको, ओल वर चढून डाग उमटतात. पांढरे सिमेंट किंवा दगडाचे ॲडहेसिव्ह वापरा.

हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) आणि सिंकसाठी भोक पाडताना कोपरे काटकोनात कापले तर चीर तिथूनच सुरू होते. आधी कोपऱ्यात गोल छिद्र पाडायचे, मग त्यांना जोडणारी सरळ काप. हॉबच्या पुढे दगडाची किमान तीन इंच पट्टी राहू द्या. सांधा सिंकवर किंवा हॉबवर कधीही येऊ देऊ नका. पुढची कड इंचभर बाहेर काढून तिच्या खालच्या अंगाला एक खाच मारून घ्या, म्हणजे सांडलेले पाणी ओघळून कपाटाच्या दारापर्यंत न जाता खाचेपाशीच थेंबाथेंबाने गळते. दगडाखालून लावायचे सिंक नुसत्या सिलिकॉनवर टांगलेले आम्ही पुष्कळ पाहतो. २४ बाय १८ इंचांचे, ९ इंच खोल सिंक काठोकाठ भरले तर ६३ लिटर पाणी मावते, म्हणजे ६३ किलो, त्यात भांडी वेगळी. क्लॅम्प किंवा खालून आधार हवाच.

आणि ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी उचलली ती. फ्लॅटच्या बाल्कनीत कारागीर तोंडाला रुमाल बांधून कोरडा ग्राइंडर चालवतो आणि जिना पांढरा होतो. दिसते ती धूळ खाली बसते. न दिसणारी तासन्‌तास हवेत राहून फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. ग्रॅनाइटच्या धुळीतही हा आजार करणारी सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश, असते, क्वार्ट्झमध्ये कितीतरी जास्त. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी आणली ती कारागिरांच्या फुप्फुसांमुळे. आपल्याला तर तेवढ्या लांब जायलाही नको. खंभातचे अकीकाचे खडे घासणारे आहेत, आणि गोध्र्याच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत राबून गेलेले झाबुआ-अलीराजपूरचे मजूर आहेत, ज्यांच्या घरच्यांना भरपाई द्या असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावे लागले.

उपाय महाग नाही. ओट्याचे माप पक्के करून, हॉब आणि सिंक आधी विकत घेऊन त्यांच्यासोबत आलेला कागदी साचा दुकानात द्या. तिथल्या पाण्याच्या कटरवर सगळे कापून मिळते. जागेवर जेवढे उरेल तेवढे पात्यावर पाण्याची धार धरून, उघड्यावर, आणि कारागिराला रुमालाऐवजी घट्ट बसणारा एन-९५ मास्क देऊन. सोसायट्यांच्या कमिट्या दुरुस्तीच्या परवानगीपत्रात कामाच्या वेळा लिहितातच. त्याखाली ‘आवारात दगड कोरडा कापता येणार नाही’ ही एक ओळ या दिवाळीआधी घालावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आपले,
घरदुरुस्तीच्या कामातले काही वाचक, बडोदे