पत्रात तारीख-वेळ लिहा, नाहीतर ते दप्तरी दाखल होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात कृष्णेतल्या मेलेल्या माशांचं छायाचित्र आलं, आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत माझ्या मोबाईलवर चार ग्रुपमधून एकच मजकूर येऊन पडला. 'कृष्णामाई वाचवा. खालील पत्र कॉपी करा, शेवटी आपलं नाव टाका आणि आमदार-खासदारांना पाठवा.' पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, त्यातली निम्मी माणसं माझ्या ओळखीची आहेत. तरीही हात जोडून सांगते, ते पत्र पाठवू नका. स्वतःचं लिहा.

मी एका सरकारी कार्यालयात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली १९ वर्षं बारनिशीत. येणारं प्रत्येक टपाल आधी बारनिशीत येतं. पाकीट फोडायचं, आवक क्रमांक टाकायचा, विषय वाचून संबंधित टेबलाकडे पाठवायचं, हे माझं काम. हजारो पत्रं या हातांखालून गेली. कोणतं पत्र पुढं चालतं आणि कोणतं 'दप्तरी दाखल' असा शेरा घेऊन कपाटात जाऊन बसतं, हे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच कळायला लागतं.

एकाच मजकुराची दोनशे पत्रं आली की काय होतं ते सांगते. सगळी सुतळीनं बांधली जातात, वर एक चिठ्ठी लागते, 'एकाच आशयाची २०० निवेदने', आणि सगळ्यांना मिळून उत्तर एकच जातं. दोनशे माणसांचं एक माणूस होतं. याउलट एकदा वहीच्या रेघी कागदावर लिहिलेलं एक पत्र आलं होतं. एका आईनं लिहिलं होतं की ११ जुलैला सकाळी पावणेदहाला शाळेच्या वाटेवरच्या फरशी पुलावरून पाणी जात होतं, तिच्या तिसरीतल्या मुलीच्या मांडीपर्यंत आलं आणि दप्तर वाहून गेलं. शेवटी एवढंच, 'पुलाला दोन्ही बाजूंनी दगडी खांब लावा, म्हणजे कड दिसेल.' त्या पत्रावर साहेबांनी स्वतः हिरव्या शाईत लिहिलं, 'आज पाहणी करा.' शुद्धलेखनाच्या चुका होत्या त्यात, पण शाखा अभियंता दुपारी जीप घेऊन गेले. ते पत्र मी आजही विसरले नाही.

आता नदीचं. मी हरिपूरची. संगमेश्वराच्या देवळाखाली वारणा कृष्णेला मिळते, तिथल्या घाटावर निवृत्तीनंतर मी रोज पहाटे जाते. गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे पायऱ्यांवर उभी राहिले तर पाण्यात सगळीकडे बुडबुडे. जवळ जाऊन पाहिलं तर मासे. चिलापी, शिंगटा, मधेच एखादी वाम, सगळ्यांनी तोंडं पाण्याच्या वर काढलेली. तोंड उघडत होते, मिटत होते, उघडत होते. पाय पाण्यात घातला तरी एकही हलला नाही. पाण्याला काकवीचा रंग आणि आंबूस वास. जाळी घेऊन आलेले एक भोई दादा जाळी खांद्यावरच ठेवून उभे होते. म्हणाले, "ताई, रात्री मळी सोडलीया वरनं. आता नवापर्यंत समदं उलटं हुतंय बघा." मळी म्हणजे साखर कारखान्याच्या आसवनीतून, जिथं मद्यार्क गाळतात तिथून, निघणारं सांडपाणी. नवाच्या आधीच उलटं झालं. पांढरी पोटं वर करून मासे कडेला लागले आणि कावळे उतरले.

हे पहाटेच का दिसतं, ते मी नंतर समजून घेतलं, कारण त्याशिवाय पत्र लिहिताच आलं नसतं. मळी असो की गावाचं सांडपाणी, त्यातला सेंद्रिय ऐवज कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. दिवसा पाण्यातली हिरवी शेवाळं उजेडात थोडाफार प्राणवायू परत घालतात. रात्री तेही थांबतं, उलट शेवाळंही तोच प्राणवायू वापरतात. म्हणून पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. माशांना जगायला लिटरमागे ४ मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो, तेच सरकारी प्रमाण आहे. आंघोळीच्या पाण्यासाठी ते ५ आहे. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे ते कुजायला लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, आणि आसवनीतून निघणाऱ्या कच्च्या मळीचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो. त्यात उन्हाळ्यात नदी बंधाऱ्यांमागे अडलेली, प्रवाह नावाला. थोडीशी मळीही पुरते.

आणि आणखी एक गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. प्रवाह कमी असला तरी नदी थांबत नाही. पहाटे पाचला जे पाणी घाटाला होतं ते संध्याकाळी अंकलीच्या पुढं गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी कोणी बाटली भरायला आलं तर बाटलीत पुरावा येत नाही. आम्ही स्वतः बाटली भरून ठेवली तर ती कायद्यानं चालत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नमुना कोणी घ्यायचा, संबंधिताला नोटीस कशी द्यायची, नमुन्याचे भाग कसे करायचे, हे सगळं घालून दिलेलं आहे. तसा घेतलेला नमुनाच पुरावा म्हणून उभा राहतो. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ माशांचा खच पडला तेव्हा सगळा जिल्हा हळहळला. पण हळहळ प्रयोगशाळेत तपासता येत नाही.

मी घाटावर मासे मरताना पाहिले त्या दिवशी गावात संध्याकाळी बैठक झाली. तरुण पोरांनी आमदारांना द्यायचं निवेदन तयार करून आणलं होतं, २१४ सह्या घेऊन. 'कृष्णामाई ही आमची जीवनदायिनी असून तिचा ऱ्हास होत आहे, तरी आपण जातीने लक्ष घालून योग्य ती कार्यवाही करावी.' खाली सात मागण्या. कारखाना बंद करा, नदी स्वच्छ करा, दोषींवर गुन्हा दाखल करा, मच्छीमारांना भरपाई द्या, नाले अडवा, समिती नेमा, घाट बांधून द्या.

मी म्हटलं, 'योग्य ती कार्यवाही' या तीन शब्दांनी पत्र मरतं. आपण जे लिहिलं तेच शब्द पुढं फिरतात. आमदारांच्या कार्यालयातून 'योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित', तिथून खालच्या कार्यालयात 'योग्य ती कार्यवाही करून अहवाल सादर करावा', आणि तिथून 'कार्यवाही सुरू आहे'. काय करायचं हे आपणच सांगितलं नाही, तर कुणीच काही केलं नाही हे सिद्ध करायचं कसं?

एक पोरगा चिडला. "मावशी, सात मागण्या केल्या तर दोन तरी मिळतील." बाजारात चालतं ते, फायलीत नाही चालत. सात मागण्या सात खात्यांच्या असतात. पत्र ज्याच्याकडे जातं तो आपल्याकडची सोपी मागणी उचलतो, उरलेल्या 'या कार्यालयाशी संबंधित नाहीत' म्हणून मोकळा होतो. बहुधा घाट मिळाला असता आम्हाला, मेलेले मासे बघायला.

आणि कारखाना बंद करा ही मागणी मला स्वतःलाच मान्य नव्हती. माझ्या भावाचा सव्वा एकर ऊस आहे. त्या बैठकीत बसलेल्या दहांतल्या सातांचा ऊस कुठल्या ना कुठल्या कारखान्याला जातो. आमदारांना हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आपण असं काही मागितलं की ज्याला हो म्हटल्यावर त्यांना निम्म्या मतदारसंघात फिरता येणार नाही, तर ते हारतुरे घेतील, फोटो काढतील आणि पत्र ठेवून देतील. पटवून द्यायचं असेल तर समोरचा माणूस कुठं अडतो ते आधी बघावं लागतं. त्यांना हो म्हणता येईल अशी मागणी शोधायची, पण ती मिळाल्यावर नदीला खरोखर फरक पडला पाहिजे.

आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. शेवटी मागणी एकच ठेवली: मासे तडफडत असल्याची किंवा पाण्याचा रंग बदलल्याची तक्रार आल्यापासून सहा तासांच्या आत, रात्र असो वा सुट्टी, अधिकृत नमुना घेतला जावा आणि तो घेतल्याची पोच तक्रारदाराला मिळावी. यात कुणाचं नाव नाही. जो मळी सोडत नाही त्याला या मागणीची भीती नाही. आणि जो सोडतो त्याला रात्रीचा अंधार पुरणार नाही.

पत्र एका पानाचं झालं. पहिल्याच ओळीत तारीख, पहाटे ५ वाजून २० मिनिटं, संगमेश्वर घाटाची खालची पायरी. मग रंग, वास, कोणते मासे, किती अंतरापर्यंत मेलेले दिसले. मग दोन ओळींत नमुना वेळेवर का हवा. मग मागणी. आम्ही आपल्या मतदारसंघातले मतदार आहोत, हेही लिहिलं, गावाच्या नावासकट. 'जीवनदायिनी' काढून टाकलं. तो शब्द मला आवडतो, पण त्यानं जागा अडते आणि वाचणारा पुढं जातो. सोबत तीन छायाचित्रं जोडली. २१४ सह्या ठेवल्या, पण दहा जणांना सांगितलं की तुम्ही वेगळं पत्र लिहा, आपल्या अक्षरात, आपल्याला काय दिसलं ते. भोई दादांनी सांगितलं ते त्यांच्या मुलीनं लिहून घेतलं. त्या दिवशी जाळं न टाकल्यानं घरात किती रुपये आले नाहीत, ते त्यात होतं. ते पत्र आमच्या पत्रापेक्षा चांगलं उतरलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. पत्र देताना अधिवेशनाची तारीख बघा. आमदारांच्या हातात विधानसभेत तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते. मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर तयार करायला खालपासून वरपर्यंत सगळ्या फायली हलतात. बारनिशीत असताना आम्ही 'विधानसभा प्रश्न' असं लिहिलेलं पाकीट हातातलं काम टाकून पुढं पाठवायचो. म्हणून पत्र असं लिहावं की त्यातली चार वाक्यं उचलली की प्रश्न तयार. अमुक दिवशी अमुक ठिकाणी मासे मेले हे खरे आहे काय? असल्यास, नमुना कधी घेतला? तारीख-वेळ नसलेल्या पत्राचा असा प्रश्न होत नाही.

आमच्या पत्राचं काय झालं ते जसं आहे तसं सांगते. आठव्या दिवशी आमदारांच्या स्वीय सहायकांचा फोन आला, त्यांनी दोन गोष्टी विचारून घेतल्या. पुढं आमदारांच्या सहीच्या पत्राची प्रत आम्हाला मिळाली, आणि त्यात आमची सहा तासांची मागणी आमच्याच शब्दांत होती. संबंधित कार्यालयाचं उत्तर अजून यायचं आहे. आम्ही दोन स्मरणपत्रं दिली आहेत, दोन्हीवर पोच घेतली आहे. २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्याप्रमाणे कोणतीही नस्ती, म्हणजे फाईल, एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, हे दुसऱ्या स्मरणपत्रात लिहिलं आहे. त्याच वर्षीच्या माहिती अधिकारात तीस दिवसांत उत्तर मिळतं, तो अर्जही तयार ठेवला आहे.

पत्रानं काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी आपल्याच मिरज तालुक्यातल्या भोश्याच्या वडाची आठवण देते. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो ४०० वर्षांचा वड जाणार होता. २०२० मध्ये लोक त्याच्याखाली जमले, आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं. रस्त्याची आखणी बदलली. एक झाड, एक जागा, एक मागणी, आणि रस्ता ज्यांच्या खात्याचा त्यांच्याच नावे पत्र. पुढं २०२२ मध्ये तो वड कोसळला, याचं दुःख आहेच. पण कुऱ्हाडीनं नाही गेला.

नदीकाठच्या माणसांनी, भिलवडीपासून म्हैसाळपर्यंत ज्यांनी ज्यांनी पाण्याचा रंग बदललेला पाहिला त्यांनी, आपापलं पत्र लिहावं. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी दर रविवारी सकाळी ८ ते १० मी संगमेश्वराच्या देवळाच्या ओवरीत बसते. कागद, कार्बन आणि पेन माझ्याकडे आहे. येताना फक्त तारीख, वेळ आणि कुठल्या पायरीवरून पाहिलं, एवढं आठवून या. कार्बन प्रत आपल्याजवळ ठेवायची आणि तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलायचं नाही.

आपली,
एक सेवानिवृत्त लिपिक,
हरिपूर, ता. मिरज, जि. सांगली