बालकर्करोगाच्या संशोधनाला निधी हवा

माझा सात वर्षांचा मुलगा ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेला. आटोक्यात आलेला आजार उलटला आणि मग डॉक्टरांच्या हाती औषधच उरले नाही. लहान मुलांचा कर्करोग व्यसनाने होत नाही, बहुतेकदा टाळताही येत नाही. म्हणून संशोधनाला पर्याय नाही. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने ल्युकेमिया झालेल्या मुलांचा आजार काही काळ मागे हटवल्याचे १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. ते औषध आपले भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? आज चांगल्या केंद्रांत या आजाराची बहुसंख्य मुले बरी होतात. उरलेल्यांसाठी, विशेषतः आजार उलटलेल्या मुलांसाठी, सरकारने संशोधनाचा स्वतंत्र निधी ठेवावा. वाचकांनीही यथाशक्ती परळच्या टाटा रुग्णालयाला मदत करावी, ही कळकळीची विनंती.

– एक आई, सातारा