आधी काचेतलं पाणी बघा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातल्या कृषी प्रदर्शनात यंदा वाफेवरचा एक जुना रोडरोलर तापवून चालवून दाखवायचा बेत होता. तिघा म्हाताऱ्या फिटरांनी दीड वर्ष खपून तो उभा केला होता. प्रदर्शनाला आठ दिवस उरले असताना कुणीतरी परदेशातल्या एका बॉयलर स्फोटाचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर टाकला. तो गावभर फिरला, 'लहान मुलं असतात तिथे, जबाबदारी कोण घेणार?' अशी ओरड झाली आणि आयोजकांनी माघार घेतली. रोलर नुसताच उभा राहिला. धुराड्यात ऊद जाळून धूर तेवढा काढला. एका पोराने विचारलं, 'काका, हा चालत का नाही?' तिथल्या एका जबाबदार गृहस्थांनी उत्तर दिलं, 'चालला की फुटतो.' ते कानावर आलं, म्हणून हे पत्र.

मी साखर कारखान्यात एकतीस गळीत हंगाम बॉयलरवर काढले. चुलाण्यात चिपाड ढकलण्यापासून सुरुवात केली आणि फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट म्हणून निवृत्त झालो. बॉयलरची भीती मला इतरांपेक्षा जास्तच आहे. त्याच्या शेजारी बसून मी डबा खाल्लेला आहे.

व्हिडिओखालच्या मजकुरात ओहायोतल्या मेडिनाचं नाव होतं. तो अपघात खरा आहे. २९ जुलै २००१, रविवारचा दिवस. अमेरिकेतल्या त्या गावच्या जत्रेच्या मैदानावर 'केस' कंपनीचं ११० अश्वशक्तीचं वाफेचं ट्रॅक्शन इंजिन फुटलं. पूर्वी तिकडे मळणीयंत्रं फिरवायला अशी इंजिनं शेतावर नेत. पाच माणसं गेली, चाळीसहून जास्त जखमी झाली. आमच्याकडच्या चर्चेत एवढंच आलं. का फुटलं, हे कुणी विचारलं नाही.

फायरबॉक्सच्या, म्हणजे जाळ असतो त्या पेटीच्या, वर जो पत्रा असतो त्याला क्राउन शीट म्हणतात. खालून जाळ, वरून पाणी. चुलीवरच्या पातेल्याचं बूड म्हणा ना. पाणी आहे तोवर बूड जळत नाही, पाणी आटलं की लाल होतं. मेडिनाच्या इंजिनात पाणी खाली गेलेलं होतं आणि तो पत्रा गंजून मूळ जाडीपेक्षा बराच पातळ झाला होता. तापून मऊ पडलेला पातळ पत्रा दाब कसा पेलणार? तो खचला. पुढचं काम पाण्याने केलं. दहा किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो) दाबाखाली पाणी सुमारे १८४ अंशांना उकळतं. दाब एकदम गेला की त्या पाण्याचा जवळपास सहावा हिस्सा त्याच क्षणी वाफ होतो आणि पाण्यापेक्षा दीड हजार पटीहून जास्त जागा मागतो. कित्येक टनांचं धूड उडतं ते त्यामुळे.

आणि मुख्य गोष्ट अशी, की अशा जुन्या हौशी बॉयलरांना ओहायोच्या कायद्याने तेव्हा सरकारी तपासणीतून सूट दिलेली होती. कारखान्यातला बॉयलर तपासायचा, जत्रेतला नाही. अपघातानंतर तिथे कायदा बदलला. बॉयलरची तपासणी आली, चालवणाऱ्याला परवाना आला. इंजिनं मात्र भंगारात गेली नाहीत.

माझा भाचा तिकडे टोलेडोजवळ राहतो. एका जूनमध्ये त्याच्याकडे गेलो असताना त्याने मला वॉसिऑन गावी नॅशनल थ्रेशर्स असोसिएशनच्या मेळ्याला नेलं. ओळीने इंजिनं उभी, कोळशाचा वास, सिलिंडर ऑइलचा वास. मला गळीत हंगाम सुरू झाल्यासारखंच वाटलं. एका इंजिनावर सत्तरीचे एक गृहस्थ आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची नात. आजोबांनी गेज ग्लासचा, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचा, खालचा कॉक उघडला. फस्सकन वाफ आणि पाणी बाहेर, काच रिकामी. कॉक बंद केल्याबरोबर पाणी उसळून वर आलं आणि अर्ध्या काचेवर थरथरत राहिलं. काच उडवणं म्हणतात ते हेच. आजोबा तोंडाने काहीच बोलले नाहीत. मुलीने वाकून पाहिलं, मान हलवली, मग त्यांनी कोळशाला हात घातला. काचेतलं पाणी थरथरत असेल तर ते खरं. मेल्यासारखं निवांत उभं असेल तर नळी तुंबली समजावं. हे मला कारखान्यात माझ्या उस्तादांनी पहिल्याच पाळीत सांगितलं होतं, ते तिकडे एका पोरीला ठाऊक होतं.

आता घरातलं सांगतो. आमच्या सौभाग्यवती महिन्यापूर्वी कुकरमध्ये पाणी घालायला विसरल्या. शिट्टी होईना, जळका वास आला आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. त्या व्हॉल्व्हमध्ये लवकर वितळणाऱ्या धातूचा ठिपका असतो. पाणी संपून भांडं फाजील तापलं की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. वाफेच्या जुन्या इंजिनात क्राउन शीटला हाच प्रकार बसवलेला असतो, त्याला फ्युजिबल प्लग म्हणतात. आमच्या घरी नवा व्हॉल्व्ह आणला, डाळ पुन्हा लावली. कुकरवर बंदी घाला म्हणून कुणी मोर्चा काढला नाही. रोलरविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्यांच्या स्वयंपाकघरातही तो असेलच.

याहून गंमत पुढे आहे. दसऱ्याच्या सुमाराला आपल्याकडे साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होतं. मांडव, सत्यनारायण, हार, चेअरमनांचं भाषण, पोराबाळांसह सगळा गाव. सहवीजनिर्मिती आल्यापासून आता ११० किलोपर्यंत दाबाचे बॉयलर बसतात. आमचा रोलर बारा-तेरा किलोचा. ११० किलोच्या शेजारी जिलबी खाणारी मंडळी बारा किलोला घाबरली. आणि आधुनिक म्हणून काही निर्धोक होत नाही. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशातल्या उंचाहार औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटच्या नव्या संचाच्या बॉयलरमध्ये दुर्घटना झाली, तीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आपण कुणी घरातले दिवे बंद केले नाहीत. बरोबरच केलं.

वाफेचा इतिहास अपघातांचाच आहे, हे मी नाकारत नाही. कोलकात्यात १८६३ मध्ये मोठा स्फोट झाला, त्यातून १८६४ चा बंगालचा तपासणी कायदा आला. पुढे १९२३ चा देशभराचा बॉयलर कायदा आला, त्याच्या जागी आता २०२५ चा. अमेरिकेत ब्रॉकटन गावी २० मार्च १९०५ ला बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ जण गेले, त्यातून तिकडचे बॉयलर बांधणीचे नियम जन्मले. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्ग रेल्वेच्या १२७८ नंबरच्या इंजिनाची क्राउन शीट १६ जून १९९५ ला पाणी कमी पडूनच खचली. तिघे भाजले, मेलं कुणी नाही. क्राउन शीट धरून ठेवणारे काही बोल्ट वेगळ्या घडणीचे होते, त्यामुळे ती एकदम न फाटता टप्प्याटप्प्याने सुटली. जुन्या कारागिराची अक्कल अशी उपयोगी पडते. पुढे तिकडच्या सरकारी रेल्वे प्रशासनाने नियम कडक केले: इंजिन १४७२ दिवस चाललं किंवा १५ वर्षं झाली, जे आधी होईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून बघायचा. त्या नियमाखाली इंजिनं आजही धावतात. आपली मंडळीसुद्धा उटीला नि दार्जिलिंगला जाऊन वाफेच्या इंजिनापुढे फोटो काढून घेतातच की.

रोलर थांबवणाऱ्यांनी बॉयलरचा कागद मागितला असता तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. आपल्याकडे अशा बॉयलरचं सर्टिफिकेट बारा महिन्यांच्या वर चालत नाही. पुण्या-मुंबईत ज्या खात्याच्या दारावर 'बाष्पके संचालनालय' लिहिलेलं असतं (आयुष्यात एकाही फायरमनच्या तोंडून 'बाष्पक' ऐकला नाही) त्याचे इन्स्पेक्टर येऊन पत्रा ठोकून बघतात, आत पाण्याचा दाब चढवून हायड्रॉलिक टेस्ट घेतात. दोरी बांधून लोकांना वीस पावलं लांब ठेवा म्हटलं असतं, तरी चाललं असतं. यातलं काहीच कुणी बोललं नाही. सगळे व्हिडिओ बघत बसले.

मला खरी काळजी वेगळीच आहे. त्या तिघा फिटरांत सर्वांत धाकटा अडुसष्ट वर्षांचा आहे. कारखान्यातली नवी पोरं हुशार आहेत, पण पाण्याची पातळी ती एसी खोलीतल्या स्क्रीनवर बघतात. काच स्वतः उडवून बघणारा हात हळूहळू संपत चाललाय. रोलर आणखी दहा वर्षं असाच उभा राहिला, आतून गंजला आणि मग एखाद्या हौशी माणसाने यूट्यूब बघून तो पेटवला, तर मात्र त्या दिवशी मीच घराबाहेर पडणार नाही.

आयोजकांना आपल्या मार्फत एक निरोप. पुढच्या वर्षी इन्स्पेक्टरांचा कागद हाती आला की मला कळवा. पहाटे चारला जाळ धरावा लागेल, हळूहळू तापवायचा असतो. मी येईन. मानधन नको, फक्त गेज ग्लाससमोर एक स्टूल ठेवा. गुडघे हल्ली उभं राहू देत नाहीत. आणि तो 'का चालत नाही' विचारणारा पोरगा सापडला तर त्यालाही बोलवा, काच त्याला उडवू देऊ.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट,
जि. कोल्हापूर