कंदीलवाली बाई अजून जिवंत आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला घाटांतल्या भुतांवरचा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसले. सून म्हणाली, ‘आई, जाऊ द्या हो, टाइमपास असतो तो.’ आज तोच अंक रद्दीत ठेवायला उचलला आणि ती चौकट पुन्हा डोळ्यांत खुपली, म्हणून लिहायला बसले.

चौकटीत आपण प्रवाशांना सूचना केली आहे की मुंबई-गोवा हायवेवरच्या कशेडी घाटात रात्री एखाद्या बाईने हात दाखवला तर गाडी थांबवू नये, काचही खाली करू नये. बाईचे वर्णनही दिले आहे. पांढरी साडी, साडीवर रक्त, सुटलेले केस, हातात कंदील. ‘अनेक ट्रकचालकांनी तिला पाहिले आहे’ म्हणे. पाहिलेच असणार. मी मोजले होते, सहा ट्रक आणि एक ॲम्बेसेडर. ती बाई मी आहे.

१९८५ साल. मी त्या बाजूला एका उपकेंद्रावर नर्स होते. आम्हाला पांढरी साडी सरकारनेच ठरवून दिलेली, हौस म्हणून नेसत नव्हते. सर्वपित्री अमावास्येची आदली रात्र होती (हे तुमच्या प्रतिनिधींना आवडेल, पुढच्या वेळी घालावे). घाटाच्या वरच्या अंगाला एका वाडीत पहिलटकरीण अडली होती. मूल झाले, पण वार पडेना आणि रक्त थांबेना. जीप नादुरुस्त, ती वर्षातले आठ महिने नादुरुस्तच असे. बांबूला घोंगडी बांधून डोली केली. चार गडी तिला घेऊन चिखलातून उतरू लागले आणि मी कंदील घेऊन पुढे पळाले, डोली खाली येईपर्यंत एखादी गाडी थांबवून ठेवावी म्हणून.

पहिला ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. दुसऱ्याच्या क्लीनरने माझ्यावर लिंबू फेकून मारले, ते कपाळावर बसले. ॲम्बेसेडर जरा हळू झाली, आतल्या बाईने माझ्याकडे पाहिले आणि किंचाळली. तोवर डोली येऊन रस्त्याकडेला टेकली होती. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. तिची सासू देवाला हाका मारत होती, मी ट्रकना.

सातवा ट्रक रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली मासळी घेऊन मुंबईला निघालेला. तो वीसेक पावलांवर थांबला. दिवे माझ्यावर रोखलेले तसेच ठेवून आतून ओरडला, ‘पाय दाखवा!’

मला आधी कळेचना. मग कळले. साडी घोट्याच्या वर धरून, भर हायवेवर, दिव्यांच्या झोतात मी त्याला पाय दाखवले. एका पायात चप्पल, दुसरी वर चिखलात रुतलेली. सरकारी नोकरीत टार्गेटचे आकडे दाखवले, फिरतीची डायरी दाखवली, पण बोटे पुढे आणि टाचा मागे आहेत हे दाखवायची वेळ त्या एकदाच आली. त्याने क्लीनरला मागे ताडपत्रीवर पाठवले, पोरीला केबिनमध्ये आडवी केली आणि महाडपर्यंत एक शब्द बोलला नाही. दवाखान्याच्या दारात उतरताना म्हणाला, ‘सिस्टर, माझ्या पुढचे सगळे पळाले हे मला माहीत असतं, तर मी पण पळालो असतो.’

डॉक्टरांनी हात घालून वार काढली. पोरगी वाचली. तिचा तो मुलगा आज डंपर चालवतो, याच हायवेच्या कामावर. चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे त्याला कामाची ददात नाही. तुमच्या यादीत अतृप्त आत्मे शोधायचेच असतील तर या रस्त्याचा का घेतला नाही?

पुढच्याच दिवाळीत एस्टीच्या कँटीनमध्ये एका ड्रायव्हरने मला बजावले, ‘सिस्टर, त्या वळणावर रात्रीचं जाऊ नका, रक्तानं माखलेली हडळ कंदील घेऊन उभी असते.’ मी चहा प्यायले आणि निघाले. चूक केली. तिथेच तोंड उघडले असते तर तुमची अर्धी चौकट वाचली असती.

हडळ म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याने आजीला तरी विचारायचे होते. बाळंतपणात बाई गेली की तिची हडळ होते, अलवंतीण होते, असे आपल्याकडे मानत. त्या पोरीची हडळ होऊ नये म्हणूनच मी त्या रात्री रस्त्यावर उभी होते. आणखी एका खेपेला गाडी मिळाली नाही, ते इथे लिहीत नाही.

देवचारालाही आपण ‘दुष्ट आत्मा’ करून टाकलेत. माझे माहेर वेंगुर्ले तालुक्यातले. तिथे रात्री वाट चुकलेल्याला घराच्या वाटेला लावतो तो देवचार. आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहतात, का, तर तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात. आमच्याकडे रात्री रस्त्यावर भेटणाऱ्याची भीती वाटायची, नाही असे नाही, पण त्याला चपला द्यायची पद्धत होती. लिंबू फेकून मारायची नव्हती. बोरघाटातल्या शिंगरोबाचा परिच्छेद तेवढा बरा होता. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराला ड्रायव्हर अजून नाणे टाकतात, हे खरे आहे.

आता १०८ ची गाडी आहे, मोबाइल आहे, कशेडीला बोगदा झाला. अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही झाली. पण ती बातमी आपण कुठल्या पानावर छापली होती, आठवते का? मला तरी चौकटीत दिसली नव्हती.

तेव्हा चौकट मागे घ्यावी, एवढेच गाऱ्हाणे. माझे मागचे पत्र (एस्टी थांब्यावरच्या शेडबद्दल) आपण निम्मे कापलेत आणि उरलेल्या निम्म्यात ‘शेड’चे ‘शेत’ केलेत. हेही कापणार असाल तर शिंगरोबाचे कापा. पाय दाखवल्याचे राहू द्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, चिपळूण
(नाव छापू नये. सुनेला आवडणार नाही.)